दोन घरांचे दागिने एकत्र घालताना: गळ्यातील सर आणि बोटांतील अंगठ्या

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

माझे माहेर निपाणीचे आणि सासर बैलहोंगलचे असल्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचे दागिने आले आहेत. आजीची ठुशी, रोजचे आखूड मंगळसूत्र, सासूबाईंनी हौसेने दिलेला लांब कासिन सर, म्हणजे नाण्यांचा हार, आणि माझ्या पगारातून घेतलेली एक नाजूक साखळी. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचा साखरपुडा आहे. त्या दिवशी इरकल साडी आणि गुळेदगुड्डच्या खणाचे ब्लाउज नेसणार आहे. सगळे एकदम घातले की गळा भरून जातो आणि एकही दागिना नीट दिसत नाही. शिवाय कॉलेजात शिकवायला जाताना साखळीचा एस आकाराचा आकडा मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत अडकून बसतो. बोटांत दोन-तीन बारीक अंगठ्या एकत्र घालण्याचीही इच्छा आहे. दागिने घरचे असावेत, पण घालण्याची रीत माझी दिसावी, यासाठी काय करावे?

उत्तर (खानापूर)

ताई, एकाखाली एक दागिने घालणे आपल्याकडे नवीन नाही. गळ्यालगत चिंचपेटी किंवा ठुशी, त्याखाली मंगळसूत्र, छातीवर मोहनमाळ किंवा बोरमाळ आणि सर्वांत खाली लक्ष्मीहार किंवा पुतळीहार अशी उतरंड आपल्या आज्या-पणज्यांनी ठरवून दिलेली आहे. त्यात सर्वांत महत्त्वाची असते ती दोन दागिन्यांमधली मोकळी जागा. ठुशी दाट मण्यांची असते, म्हणून तिच्याखाली निदान तीन बोटे गळा मोकळा दिसू द्यावा.

साखरपुड्याला मी तुमच्या जागी असते तर ठुशी, मंगळसूत्र आणि कासिन सर एवढेच घातले असते आणि नाजूक साखळी घरी ठेवली असती. ठुशी आणि कासिन सर हे दोन्ही भरघोस दागिने आहेत. त्यांच्यामध्ये मंगळसूत्राचे काळे मणी आले की नजरेला विसावा मिळतो. कोणी कोल्हापुरी साज देऊ केला तर या तिघांबरोबर तो मुळीच घालू नये. परंपरेने त्याला २१ पाने असतात आणि प्रत्येकाचा आकार निराळा, त्यामुळे तो एकट्यानेच शोभतो.

ब्लाउजचा गळाही आत्ताच ठरवा. खणाचा काठ गळ्याशी आला तर ठुशी त्यावर चढते आणि तिची गोलाई हरवते. गळा थोडा खोल आणि काठ बाह्यांवर घेतला, तर ठुशी अंगावर बसेल.

उत्तर (शहापूर, सराफी व्यवसाय)

वरील ताईंनी सांगितलेली उतरंड योग्य आहे, मी केवळ कारागिरीच्या बाजूने लिहितो. साखळी अडकण्याचे मुख्य कारण म्हणजे दोन सरांची लांबी आणि वजन जवळपास सारखे असणे. मंगळसूत्र १८ इंची असेल तर साखळी १६ इंची घ्यावी किंवा २२ इंचांपर्यंत वाढवून घ्यावी. खालच्या साखळीला छोटे पदक असले की ती वजनाने सरळ राहते आणि फिरत नाही. आकड्याऐवजी बंद होणारी कडी बसवून घेतली, तर मण्यांत अडकणे बरेच कमी होईल.

जुन्या पोकळ मण्यांच्या माळांत, विशेषतः बोरमाळेत, लाख भरलेली असते. अशी माळ उजळवायला गरम पाण्यात टाकू नये.

अंगठ्यांबाबत एक गोष्ट ग्राहकांना मी आवर्जून सांगतो. तीन पट्ट्या एकत्र घातल्या की बोटाचा जास्त भाग वेढला जातो आणि एकटी सैल बसणारी अंगठीही घट्ट वाटते. माप घेताना तिन्ही एकदम घालून, शक्यतो संध्याकाळी, बोटे थोडी फुगलेली असताना पाहावे. आपल्याकडच्या मापात एका क्रमांकाने घेर सुमारे १ मिलिमीटरने वाढतो. जोडून घालायच्या अंगठ्या बहुधा एक क्रमांक मोठ्या लागतात.

हिऱ्याची अंगठी साध्या सोन्याच्या पट्टीला चिकटून घालू नये. कठीणपणाच्या मोह्स मापनावर हिरा १० आणि सोने जेमतेम ३, त्यामुळे हिऱ्याची कड रोज थोडे थोडे सोने खरवडते. मोती आणि पोवळे तर आणखी जपावे लागतात. रोजच्या घर्षणाला २२ कॅरेटपेक्षा १८ कॅरेट अधिक टिकते, कारण त्यात ७५ टक्के सोने असते आणि उरलेल्या धातूंमुळे त्याला कठीणपणा येतो. नवीन पट्टी घेताना हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक तपासून घ्यावा.

प्रश्नकर्ती

आपण दोघांचेही मनापासून आभार. माझ्याकडे चांदीचे एक रुंद वेढणेही आहे. सोन्याच्या बारीक अंगठ्यांबरोबर ते विजोड दिसेल का?

उत्तर (निपाणी)

विजोड दिसेल ही भीती मला पटत नाही. सोने आणि चांदी एकत्र वाईट दिसतात ती चांदी एकाच ठिकाणी एकटी पडली की. मधल्या बोटात चांदीचे वेढणे, त्याला लागून सोन्याची एक बारीक पट्टी, आणि दुसऱ्या हातात पुन्हा चांदीची एखादी छोटी अंगठी घातली, तर पाहणाऱ्याला ती निवड जाणूनबुजून केलेली वाटते. मात्र करंगळी आणि तर्जनी मोकळी ठेवा. पाचही बोटे भरली की हिरव्या चुड्याचा आणि पाटल्यांचा उठाव जातो, आणि साखरपुड्यात तर हातच सर्वांच्या नजरेत असतात.

कॉलेजात जाताना मी वेगळा विचार करेन. फळ्यावर लिहिताना, वह्या तपासताना रुंद वेढणे बोटाला टोचते, म्हणून तिथे फक्त दोन बारीक पट्ट्या आणि गळ्यात मंगळसूत्राबरोबर लांबी वाढवलेली तुमची साखळी असावी. ती तुमच्या स्वतःच्या कमाईची आहे, तेव्हा रोज अंगावर असण्याचा मान तिचाच.

उत्तर (शहापूर, सराफी व्यवसाय)

या मांडणीला माझी हरकत नाही. फक्त ठुशीचा दोरा आणि गोंडा आजीच्या काळातलाच असेल तर साखरपुड्याच्या आधी आठवडाभर तो पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या कारागिराकडून, बदलून घ्यावा, कारण दोरा कुजलेला असला तरी बाहेरून कळत नाही. गाठवताना ठुशी गळ्यात घालून गोंड्याची लांबी तिथेच ठरवावी.