वेड्यावाकड्या लाकडाचं तुम्ही काय कातलंत?

आमसूल
फोनने आज जुना फोटो समोर आणला. जून २०२०, निसर्ग वादळानंतरचं आमचं श्रीवर्धनचं परडं, आडवा झालेला फणस. सरळ खोड सुताराने फळ्यांना नेलं. दोन फांद्या फुटतात तो बेचक्याचा तुकडा मात्र कोणालाच नको होता. एका अंगाला फुगलेला, मध्ये पोकळी, साल अर्धी सुटलेली. 'बंबात घाला,' म्हणाला. मी पुण्याला आणला, टोकांना मेण फासलं आणि सवडीने लेथवर (लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र) वाडगा कातला. बेचक्यात रेषा पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या निघाल्या. तेव्हा पिवळाधमक होता, आता उजेडाने तांबूस झालाय. पोकळी बुजवली नाही. बाबा त्यात रोठा सुपारी ठेवतात, ती भोकातून घरंगळते म्हणून तिथे अडकित्ता आडवा लावलेला असतो.
तुमच्याकडेही असा कशातच न बसणारा तुकडा आला असेल. लिहा ना.

शेवंता
कापा होता की बरका??

आमसूल
बरका गं ताई. आईची साठं, म्हणजे फणसपोळी, त्याचीच असायची.

शेवंता
अरेरे. असं झाड पडलं की जीव तुटतो. आमच्या रत्नागिरीच्या घरचा कापा अजून धरतोय, या मे महिन्यात या सगळे.

लेथकाका
वाडगा सुरेख. नवीन मंडळींसाठी लिहितो. अशा तुकड्याचं वजन एका बाजूला असतं, लेथ थरथरतो. वेग अगदी कमी ठेवून सुरुवात करा, गोल होत जाईल तसा वाढवा. फेसप्लेटचे, म्हणजे लाकूड लेथला धरून ठेवणाऱ्या चकतीचे, स्क्रू लांब हवेत आणि निरोगी लाकडातच बसायला हवेत, सालीत किंवा कुजक्या भागात नाही. तोंडावर पूर्ण शील्ड, आणि चालू करताना समोर उभं राहायचं नाही.
ओलं असेल तर आधी जाडच कातायचं, व्यासाच्या साधारण दहावा भाग. म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच भिंत. मग त्याच्याच भुशात, कागदी पिशवीत काही महिने. वाळताना लंबगोल होतो, तो पुन्हा गोल करायचा. झाडाचा गाभा, म्हणजे खोडाचा अगदी मधला बिंदू, वाडग्यात ठेवू नका, तडा तिथूनच जातो.

चितारआळी
सावंतवाडीला मामाचं घर, त्यामुळे माझं मत वेगळं. मामा वाकड्या तुकड्याचं मोठं काही करतच नसे. चांगले भाग कापून भोवरे, भातुकलीची भांडी, पाळण्याचं झुंबर. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने वितळून चढायची, वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी. तो वास अजून नाकात आहे. मला विचाराल तर एका शोभेच्या वाडग्यापेक्षा ओंजळभर भोवरे बरे, पोरं खेळतात तरी.

लेथकाका
चितारआळी, भोवऱ्यांना विरोध नाही! पण बेचक्यातल्या त्या रेषा छोट्या वस्तूत दिसत नाहीत हो.

हिमकण
मिनेसोटाहून. इथे सेंट पॉलला अमेरिकन वुडटर्नर्स असोसिएशनचं मुख्यालय आहे (संस्था १९८६ची), तिथलं प्रदर्शन पाहून मी मेपलच्या गाठीचा वाडगा केला, काठाला साल तशीच ठेवून. साल टिकवायची तर झाड हिवाळ्यात तोडलेलं हवं. वाढीच्या दिवसांत तोडलं की साल सुटते. माझी टिकलीये.
मुलगी त्यात हेअरबँड टाकते.

गोदाकाठ
पोकळीत निळं इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारं रेझिन) ओतू नका, एवढीच विनंती. हल्ली जिकडेतिकडे तेच.

रानवाट
फणसावरून आठवलं, ब्रह्मदेशात बौद्ध भिक्खूंची चीवरं फणसाच्या लाकडाच्या रंगात रंगवायची पद्धत आहे. भुसा उकळतात. तंजावरची वीणाही फणसाची, मृदंगाचं खोडसुद्धा.

शेवंता
भुसा टाकू नका मग! मी सुती ओढणी रंगवून बघते. तुरटी किती घालू कोणी सांगेल का?

हिमकण
ताई, रंगाचा फोटो नक्की टाक.

वऱ्हाडी
लग्नाच्या गडबडीत हाय म्हणून थोडक्यात. शेतातली जुनी चिंच तोडली, बुंध्याला डोक्याएवढी गाठ हाय. ट्रॅक्टरवाला म्हणते दोन फाडी करून देतो. करू देऊ का?

लेथकाका
अजिबात नको! अख्खी राहू दे. आजच कापलेल्या तोंडांना मेण नाहीतर जुना ऑइलपेंट जाड फास आणि सावलीत ठेव, उन्हात एका दुपारीत चिरा पडतील. लग्न उरकलं की चारी बाजूंचे फोटो टाक, कुठून कापायची ते बघू.