तीन ‘कोनां’चा बिट आणि ‘सांधलेला’ची पंचाईत

कागदीवाघ
खडकात भोक पाडणाऱ्या रोटरी बिटाची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. दोन ठिकाणी अडलोय. ‘ट्रायकोन बिट’, म्हणजे ज्याच्या टोकाला आइस्क्रीमच्या कोनासारखे तीन फिरते दातेरी ‘कोन’ (इंग्रजी cone) असतात तो. त्याला मी ‘त्रिकोनी बिट’ लिहिलं. मुद्रितशोधक ताईंनी इमानेइतबारे ‘न’चा ‘ण’ केला आणि बिट त्रिकोणी झाला! दुसरं म्हणजे ‘वेल्ड करून बनवलेलं अंग’ला ‘सांधून बनवलेलं’ लिहिलं. त्यावर ताईंचं म्हणणं, असं वाचलं की वाटतं मोडका बिट डागडुजी करून विकताय.

शब्दशंकासुर
‘त्रिशंकू’ म्हणा की! नाहीतरी लोंबकळतोच तो.

मोडीवाचक
थट्टा सोडा, ‘शंकू’ हाच शब्द बरोबर. मराठीत ‘कोन’ अंशांत मोजतात. आणि ‘सांधणे’त कमीपणा कसला? आयटीआयच्या पाटीवर वेल्डर म्हणजे ‘संधाता’च असतो, फिटर ‘जोडारी’, टर्नर ‘कातारी’.

शब्दशंकासुर
पाटीवर असतो. वर्कशॉपात ‘अहो संधाता’ अशी हाक मारून बघा, कोण वळतं ते. शिवाय शंकू म्हणजे मुळात खुंटी. सावली मोजायला जमिनीत रोवायचे तो. आणि तुमचा परका ‘कोन’ ग्रीक ‘कोनोस’वरून आलाय, म्हणजे पाइनचं फळ. दातेरी कोन बघितलात तर खुंटीपेक्षा फळच आठवेल.

कातारकाम
आधी वस्तू काय आहे ते बघू. अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूज (थोरले) यांचं 1909चं पेटंट दोन कोनांच्या बिटाचं, तीन कोन 1933 साली आले. अंग एकसंध नसतं. घडाई करून तीन ‘लेग’ बनवतात, प्रत्येक म्हणजे अंगाचा एकतृतीयांश. लेगला आतल्या बाजूला तिरकी पिन असते, तिच्यावर कोन चढवायचा. मग लेगच्या मागच्या भोकातून बेअरिंगचे बॉल आत सोडायचे, म्हणजे कोन निसटत नाही, आणि भोकात प्लग घालून तो वेल्डने बंद करायचा. तिन्ही लेग जुळवून फिक्स्चरमध्ये आवळायचे आणि तीन उभे सांधे वेल्ड करायचे. वरचे आटे त्यानंतर पाडतात. एकाच तुकड्याचं अंग केलं तर कोन चढवणार कुठून? एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत फिरतात. तेव्हा हा जन्मतःच तीन तुकड्यांचा. मोडलाय कुठे? ताईंचं बरोबर आहे, ‘सांधलेला’ नको. ‘वेल्ड केलेला’ लिहा आणि मोकळे व्हा.

मोडीवाचक
तुम्हीच आत्ता ‘तीन उभे सांधे’ लिहिलंत!

कातारकाम
सांधा नाम आहे हो. गुडघ्यालाही सांधा असतो, म्हणून गुडघा ‘सांधलेला’ होतो का?

चांदापूरकर
मुळात ‘तो बिट’ कुठून काढलात? आमच्याकडे कोळशाच्या खुल्या खाणीत सुरुंगाची भोकं याच बिटांनी पाडतात आणि सगळे ‘बिट बसली’, ‘बिट गेली’ म्हणतात. ती बिट!

कागदीवाघ
माझ्या कानांवर ‘तो’च आहे. गावात बोअरच्या गाडीवाले म्हणायचे.

चांदापूरकर
त्यांचा बिट वेगळा. आपल्या काळ्या पाषाणात बोअरवाले हॅमर लावतात, पुढे बटनांचा बिट. तो ठोकतो, कोन वगैरे काही फिरत नाहीत. कोनांची बिट वजनाने दाबून, फिरवून खडक चुरडते.

मोडीवाचक
‘वेधनी’ म्हणा, स्त्रीलिंगाचा प्रश्नच मिटेल. विंधन विहीर चालते, मग वेधनी का नको?

शब्दशंकासुर
विंधन विहीर सरकारी कागदावर चालते. शेतात बोअरच मारतात.

सामता_आणि_गिरमिट
आमच्या आजोबांच्या सुतारकामात भोक पाडायचा सामता होता, दोरीने फिरवायचा. मोत्याला पाडतात ते वेज. इतके शब्द पडलेत आणि आपण बिटाचं लिंग ठरवत बसलोय. एक शंका: बिटावरचे कार्बाइडचे दाणे वेल्डच करतात ना? त्याला ‘डाख’ का म्हणू नये?

कातारकाम
नाही. कोनाच्या भोकांत ते दाबून घट्ट बसवतात, वेल्ड नाही. पोलादाचे कापीव दात असतील तर त्यांच्यावर कार्बाइडचा थर वेल्डने चढवतात. ‘डाख’ शोभेल तो पीडीसी बिटाला, म्हणजे कृत्रिम हिऱ्याचे कटर असलेल्या बिटाला. त्याचे कटर चांदीच्या मिश्रधातूने ब्रेझ करतात. सोनार जोड झाळतो तीच जात. डाखात मूळ तुकडे वितळत नाहीत, वेल्डमध्ये कडा वितळून एक होतात. ट्रायकोनला ‘डाख दिलेला’ लिहिलंत तर वाचणारा इंजिनियर पुस्तिका फेकून देईल.

मोडीवाचक
मग ‘एकजीव केलेला’?

कातारकाम
तुकडे एकजीव झाले तरी आतली रबरी सील जळू नयेत म्हणून वेल्ड करताना उष्णता सांभाळावी लागते. ‘एकजीव’मध्ये ते कुठे दिसतं? मला तर ऐकून चटणीच आठवते.

शब्दशंकासुर
वेल्डर लेग जागेवर धरायला आधी ‘टाके मारतात’ ना? तो मराठी टाका की इंग्रजी ‘टॅक’?

सामता_आणि_गिरमिट
टाकाच. गोधडीचा.

मोडीवाचक
साफ चूक. ‘टॅक’चाच अपभ्रंश आहे.

चांदापूरकर
अपभ्रंश असेल तर ‘टॅका’ ऐकू आला असता. आमच्याकडे स्पष्ट ‘टाका’ म्हणतात, अनेकवचन ‘टाके’. आणि ती बिट!

कागदीवाघ
मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. न की ण?

शब्दशंकासुर
टाक्यासाठी वेगळा धागा काढू का?