फुटपाथवरच्या मावशींची तक्रार पोलीस घेत नाहीत, तातडीने मदत हवी

रानजाई (रविवार, रात्री 11:40)
पुलाखाली राहणाऱ्या चार कुटुंबांना महिनाभर धमक्या चालू आहेत. "आठ दिवसांत जागा सोडा, नाहीतर बघून घेऊ." परवा रात्री एका मावशींना इजा केली. दोनदा पोलीस ठाण्यात गेलो, दोन्ही वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात देऊन परत पाठवलं, वर "कोर्टात जा" म्हणाले. बेघर माणसाला कायद्याचं संरक्षण आहे की नाही? कलम सांगा, उद्या सकाळी परत जाणार आहे. "पालिकेला अर्ज करा" कृपया नको.

शंकेखोर
शहर कोणतं? धमकी कोण देतंय, पोलीस, पालिकेची गाडी की आणखी कोणी? इजा म्हणजे काय झालं? एनसीवर कलमं कोणती?

रानजाई
मुंबई. समोरच्या एका दुकानदाराची माणसं. एनसीवर 115(2) आणि 351(2). इजा झाली म्हणून पालिकेच्या दवाखान्यात नेलं, कागद आहेत. बाकी तपशिलाने काय फरक पडतो?

कोकणकडा
फुटपाथवाल्यांचा हक्क म्हटलं की ऑल्गा टेलिस खटला वाचायचाच. 1981च्या जुलैत, भर पावसात, अंतुले सरकारने मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हटवायला घेतलं, बसमध्ये कोंबून शहराबाहेर पाठवलं. माझे वडील तेव्हा गिरणीत होते, रात्रपाळीहून येताना त्यांनी ते पाहिलंय. 1985 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. निकालाची प्रत घेऊन जा, साहेब नरमतील.

मुग्धा_वकील
कोकणकडा, अर्धंच सांगू नका. फुटपाथवर राहण्याचा हक्क कोर्टाने दिलेला नाही. पालिका हटवू शकते, पण रीतसर, नोटीस देऊन, एवढंच तिथे मिळालं. आणि हे प्रकरण हटवण्याचं नाही, मारहाणीचं आहे. दुकानदाराला कोणालाही हटवायचा अधिकारच नाही.
रानजाई, तपशिलानेच फरक पडतो. 115(2) म्हणजे साधी दुखापत, 351(2) म्हणजे धमकी, दोन्ही अदखलपात्र. त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून "कोर्टात जा". कशाने मारलं ते सांगा.

रानजाई
मारलं नाही. झोपेत अंगावर उकळतं पाणी ओतलं. खांदा आणि पाठ भाजली आहे.

मुग्धा_वकील
मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! भारतीय न्याय संहितेचं कलम 118 बघा: शस्त्राने, आगीने किंवा तापलेल्या पदार्थाने केलेली इजा. हा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक, असं ललिता कुमारी खटल्यात 2013 साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय. या कलमात पोलीस आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू असं म्हणू शकतात, त्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती लेखी मागा. नोंदवलंच नाही तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173(4). त्यानंतर मॅजिस्ट्रेट.

ठाणेकर_बापू
कायद्याचं ठीक आहे, पण ही माणसं निवाऱ्यात का जात नाहीत? शहरात एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा असं सरकारचंच धोरण आहे. तिथे गेली तर प्रश्नच मिटेल.

देवराई
बापू, मी तीन वर्षं एका निवाऱ्यात काम केलंय. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. सहा जणांचं कुटुंब, चूल, गोधड्या, फुलांच्या टोपल्या कुठे ठेवायच्या? आणि उकळतं पाणी ओतणाऱ्याने मोकळं राहायचं, भाजलेल्या बाईने जागा सोडायची, हा कुठला न्याय?

ठाणेकर_बापू
मी त्यांच्या सुरक्षिततेसाठीच बोललो. फुटपाथवर रात्री गाड्याही चढतात.

पिंपळपान
मतदार यादीत नाव आहे का? बेघर माणसालाही मतदान कार्ड मिळतं. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. पत्त्याचा पुरावा लागत नाही. आमच्या इथल्या दोघांची कार्डं मी काढून दिली.

रानजाई
मतदान कार्ड आत्ता नको हो. पण पत्त्याचं बरं आठवलं. हवालदार म्हणाले, राहण्याचा पत्ता नाही, लिहू कुठे?

मुग्धा_वकील
"अमुक पुलाखाली, खांब क्रमांक अमुक." बस. पत्ता नाही म्हणून तक्रार नाही, असं कायद्यात कुठेही नाही. फिर्याद तुम्हीही देऊ शकता, भाजलेल्या व्यक्तीनेच द्यायला हवी असं नाही. पहिली प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

शंकेखोर
आणखी एक. ही कुटुंबं कोणत्या समाजाची?

रानजाई
पारधी. गजरे विकतात. ओतताना "चोरट्या पारध्यांनो" असं ओरडले, मुलांनी ऐकलंय.

शंकेखोर
महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. म्हणजे ॲट्रॉसिटीचा कायदाही लागू शकतो. त्यात कलम 18अ आहे, एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

मुग्धा_वकील
बरोबर. मग ते चौदा दिवसही नाहीत. मुलांनी ऐकलेलं वाक्य जबाबात शब्दशः यायला हवं, समोरच्याला जात माहीत होती हे त्यावरूनच दिसेल. जातीचा दाखला नसला तरी तक्रार अडू देऊ नका, तपासात बघतील. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी याच कायद्यात कलम 15अ आहे. फुकट वकिलासाठी 15100 या नंबरवर फोन करा. स्त्री आणि अनुसूचित जमात, दोन्हींत उत्पन्नाची अट नाही. भाजलेलं पोलकं धुतलं का?

रानजाई (सोमवार, दुपारी 2:15)
पोलकं धुतलेलं नाही, गोधडीही तशीच ठेवली आहे. लेखी तक्रार नेली, 118 आणि ॲट्रॉसिटी दोन्ही लिहून. पोच म्हणून शिक्का मिळाला. एफआयआर अजून नाही, वरचे साहेब संध्याकाळी येऊन जबाब घेणार म्हणतात. मी इथेच बसून आहे. पण रात्रीचं काय? मावशी हलायला तयार नाहीत, पहाटे दादरला फुलं आणायची असतात. आज रात्री कोणी सोबतीला येईल का?

कोकणकडा
मी माटुंग्यात राहतो. नऊला निघतो, मोठी बॅटरी आणतो. पुलाचं कुठलं टोक ते निरोपात कळवा, इथे लिहू नका.