नववीच्या वर्गात जातककथा कशा शिकवाव्यात?

वाचनतासिका:
नववीच्या वर्गाला मी आठवड्यातून एक तास जातककथा, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मींच्या गोष्टी, सांगते. ससा किंवा माकड आले की "बाई, हे आम्ही दुसरीत ऐकलंय" असे मुले म्हणतात, आणि तात्पर्य सांगितले की चर्चाच संपते. या वयाला साजेशा कथा कोणत्या?

पालिवाचक:
तात्पर्य आपण सांगता, तेथेच अडचण असावी. पाली संग्रहातील ५४७ जातकांपैकी बहुतेकांत आधी बुद्धांच्या काळातील प्रसंग, मग पूर्वजन्मीची गोष्ट व गाथा, आणि शेवटी त्या जन्मी कोण कोण होते हे सांगणारे समोधान येते. बालवाङ्मयात मधली गोष्ट तेवढी उरते. अंबजातक (क्र. ४७४) पूर्ण घ्यावे. एक ब्राह्मण तरुण अवेळी आंबे पिकवणारा मंत्र चांडाळ गुरूकडून शिकतो, परंतु राजाने विचारताच लाजेपोटी तक्षशिलेच्या आचार्यांचे नाव सांगतो आणि मंत्र गमावतो. राजा त्याला गुरूकडे परत धाडतो; गुरू मात्र पुन्हा मंत्र देत नाही. समोधानात बुद्ध म्हणतात, तो चांडाळ मीच होतो. गुरूने क्षमा करायला हवी होती का, असे विचारल्यावर वर्ग गप्प बसणार नाही.

भटका_मास्तर:
निवड उत्तम आहे, पण "चांडाळ" या शब्दासरशी इतरांच्या नजरा वर्गातील काही मुलांकडे वळू शकतात. म्हणून शिष्याला लाज का वाटली, यावरच चर्चा ठेवावी आणि कोणालाही घरचा अनुभव सांगायला लावू नये. शिवाय १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील असंख्य घरांत बुद्ध हा श्रद्धेचा विषय आहे, आणि डॉ. आंबेडकरांनी आत्म्याच्या पुनर्जन्माची कल्पना नाकारली होती, तेव्हा "मग समोधानाचे काय?" असे एखादी विद्यार्थिनी विचारील. तो प्रश्न टाळू नये, कारण त्या तासातला तोच सर्वांत चांगला प्रश्न असेल.

लेणीप्रेमी:
अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील विश्वंतर जातकाची चित्रेही दाखवावीत. स्वतःची मुले दान करणाऱ्या राजपुत्रावर किशोरवयीन मुले हमखास चिडतात, आणि तो राग रास्तच आहे.

वाचनतासिका:
आभारी आहे. पुढच्या तासाला अंबजातक घेते. बुद्धांचा चुलतभाऊ देवदत्त याने त्यांचे शिष्यत्व नाकारल्याचा सुरुवातीचा प्रसंग आधी सांगावा की नंतर?

पालिवाचक:
नंतर सांगावा. आधी सांगितल्यास शिष्य दोषी ठरूनच वर्गात येतो आणि मुलांना ठरवण्यासारखे काही उरत नाही.