निळ्या दाढीचा हमिंगबर्ड

‘हमिंगबर्ड म्हणजे उष्ण जंगलातला पक्षी, थंडीत तो टिकणार नाही’ असं बऱ्याच जणांना वाटतं, ते तितकंसं खरं नाही. कोलंबियात कॅरिबियन किनाऱ्याला लागून सिएरा नेवादा दे सांता मार्ता हा डोंगर आहे, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेपासून तुटलेला. तिथे ३००० मीटरच्या वरच्या गवताळ माळांवर (पारामो म्हणतात त्यांना) निळ्या दाढीचा हेल्मेटक्रेस्ट हा हमिंगबर्ड राहतो. नराला डोक्यावर टोकदार तुरा आणि गळ्याखाली चक्क निळी दाढी! १९४६ नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता. संपला असंच बऱ्याच जणांनी धरलं होतं. मार्च २०१५ मध्ये अचानक सापडला, फोटोसकट.

हे हेल्मेटक्रेस्ट बरेचदा हवेत तरंगत न बसता फुलालाच पाय रोवून मध पितात. विरळ हवेत पंख मारत राहणं महागच पडणार ना! त्यांचा आधार म्हणजे फ्रायलेहोन ही लोकरी पानांची झाडं. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून माळ पेटवतात, त्यात नेमकी हीच जळतात.

आणि थंडीचं म्हणाल तर पेरूच्या अँडीजमधल्या एका हमिंगबर्डच्या शरीराचं तापमान रात्री जवळजवळ ३ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं मोजलंय. सकाळी गडी पुन्हा फुलांवर हजर.