अपक्षाच्या अर्जावर सूचक म्हणून सही: काय सांभाळायचं?

प्रश्न: आमच्या वस्तीतल्या ताई विधानसभेला अपक्ष उभ्या राहतायत. सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, किती लागतात? अर्ज कशामुळे बाद होतो?

उत्तर १: मान्यताप्राप्त पक्षाला १ सूचक पुरतो, अपक्षाला १०. दहाही जण त्याच मतदारसंघाच्या मतदारयादीत हवेत. एक जरी शेजारच्या मतदारसंघातला निघाला, तर उरतात नऊ, आणि छाननीत अर्ज बाद होतो. नमुना २-बमध्ये (विधानसभेच्या उमेदवारी अर्जाचा फॉर्म) प्रत्येकाचा यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतूनच उतरवा. नावातली वेलांटी चुकली म्हणून अर्ज बाद करता येत नाही, पण सही खोटी ठरली तर नक्की होतो. दुसऱ्याच्या नावाने सही कोणीही ठोकू नये!

उत्तर २: अंगठा लावणारे सूचक असतील तर घरून अंगठा उठवून आणू नका. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच लावून साक्षांकित व्हावा लागतो. नेमकं इथेच गरिबांचे अर्ज अडकतात, म्हणून त्यांना सोबत घेऊन जा.

उत्तर ३: एका उमेदवाराला ४ अर्ज भरता येतात. दुसऱ्या अर्जावर वेगळे दहा जण घ्या. अर्ज देण्याची वेळ दुपारी ३ पर्यंतच.