राबूनही महिना पुरत नाही: तुमचे अनुभव

मंडळी, घरात कमावती माणसं असूनही हातातोंडाची गाठ पडत नाही, अशा घरांविषयी हा धागा. काटकसरीचे सल्ले नकोत, ते ऐकून कान किटलेत. कुठे अडलं, कसं निभावलं तेवढं लिहा. नाव नाही दिलंत तरी चालेल.

• आई रोजंदारीवर होती. अंगात ताप असला तरी जायची. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी. डॉक्टर पूर्ण कोर्स लिहून द्यायचे, आम्ही दोन दिवसांच्याच गोळ्या घ्यायचो. दुकानदार पट्टी कात्रीने कापून द्यायचा आणि मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडे उरलेल्या तुकड्यावर असायची. जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या कुणी आणायच्या? दुखणं उलटायचं, मग जास्त खर्च, जास्त खाडे. लोक म्हणायचे, वेळेवर औषध घेत नाहीत!

• वरचं अगदी पटलं. सुटं घेतलं की महाग पडतं हे आम्हालाही कळतं हो. पण मोठं पाकीट घ्यायला रक्कम एकदम हातात लागते.

• आम्ही दोघंही शिफ्टवर. माझी सुटायची आणि यांची लागायची वेळ एकच. मुलगी दारातच एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. शिफ्ट बदलली तर आदल्या रात्री मेसेज येतो, मग शेजारच्या काकूंना गळ घालायची. त्या नाही म्हणाल्या की एकाचा खाडा ठरलेला. कोणी घरी राहायचं, यावरून आमची भांडणं होतात. बाकी कशावरून फारशी नाहीत.

• मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं वेगळं. सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या कामगार कुटुंबांची पाहणी केली. ज्यांची कमाई निव्वळ जगण्यापुरतीही नव्हती, त्यांतली निम्म्याहून अधिक माणसं अशा घरांतली होती जिथला कर्ता नियमित कामावर होता. मजुरीच तुटपुंजी होती. मजुराच्या आयुष्यात तंगीचे तीन काळ येतात, असंही त्यांनी दाखवलं: स्वतःचं बालपण, पदरी लहान मुलं असतानाची वर्षं आणि म्हातारपण. माझे वडील गिरणीत होते. मुलं कमावती झाली तेव्हा कुठे त्यांनी उसनवारी थांबवली. तोवर त्यांचे हात चालेनासे झाले होते.

• म्हणजे आम्ही सध्या मधल्या काळात. पगार हप्त्याच्या तारखेनंतर होतो, त्यामुळे दर महिन्याला दंड बसतो. पैसे बुडवत नाही, दोन दिवस उशीर होतो एवढंच. हप्त्याची तारीख कुणी बदलून घेतलीय का?

• हो, मी घेतली. काउंटरवर तोंडी विचारलं तर उडवून लावतात. लेखी अर्ज द्या, सोबत पगाराची स्लिप जोडा आणि अर्जाची पोच मागून घ्या.